कपाळावरचे केस

बाबा, काल मी केस कापले. बारीक करून घेतले एवढंच नाही, कपाळ पूर्ण उघडं केलं आणि कानांवरचेही काढून टाकले. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी आठवीत होतो आणि केस भुवयांपर्यंत होते. नंतरची चौदा वर्षं ते जवळपास तिथेच होते, म्हणून वाटलं, तुम्हाला कळवावं. एका रद्द झालेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. गांधीबागेत पत्रिका छापतात त्या दुकानात मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतो. नववीनंतर शाळा सुटली, पण आजवर कुणाच्या मामाचं नाव माझ्या हातून चुकीचं छापलं गेलेलं नाही. प्रत्येक पत्रिका तीनदा वाचतो. चौथ्यांदा वाचायची सवय मालकांनी ओरडून मोडली.

तुम्हाला माहीत असलेला मी जाडा होतो. तुमच्यानंतर आणखी जाडा झालो. एकशे बारा किलोवर गेलो तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दाखवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी घरी येऊन वही केली. दर रविवारी तोच काटा, तीच पॅन्ट, तीच वेळ. कोराडीहून येणाऱ्या बसमधून दोन थांबे आधी उतरून चालायचं. तर्री-पोहे आठवड्यातून एकदा, एकच प्लेट, आणि वरून पुन्हा तर्री मागायची नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं. दीड वर्षात चौऱ्याहत्तर किलोवर आलो. अंग गेलं, पण केस राहिले. गाल झाकायला बाजूचे वाढवलेले, कपाळ झाकायला समोरचे. आता झाकायला गालच उरले नव्हते. आई रोज म्हणायची, "बाबू, आरशात पाह्य जरा. काठीवर टोपलं ठेवल्यावाणी दिसून राहिला."

मी ते कानाआड केलं असतं, पण गेल्या आठवड्यात दुकानातल्या हजेरीच्या मशीननं मला ओळखायला नकार दिला. त्यात चेहरा दाखवावा लागतो. मी चष्मा काढून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं, शेवटी गाल फुगवून पाहिलं. मालक मागे उभे राहून हसत होते. म्हणाले, "मशीनचं काय चुकलं? सकाळी मलेच वाटलं, कोणतं गिऱ्हाईक उभं आहे. सोमवारी नवा फोटो टाकू. तवापर्यंत त्या झाडाचं काहीतरी कर."

झाडाचं काही करायची मला भीती वाटत होती आणि ती का, हे फक्त मला माहीत होतं. तुम्ही वीज केंद्रातल्या ड्युटीवरून यायचे तेव्हा तुमच्या भुवयांवर कोळशाची राख असायची. अंगणातल्या नळावर तोंड धुवायचे आणि तोच ओला हात माझ्या कपाळावरून मागे फिरवायचे. सगळे केस वर. "काहून झाकून ठेवतो गा? चेहरा दिसू दे. एवढा चांगला चेहरा आहे." मला राग यायचा. पाणी कानात जायचं. तुमची पाठ फिरली की मी केस पुन्हा खाली ओढायचो. एकदा तुम्ही ते पाहिलं आणि रागावलात, "तोंड काय चोरीचं आहे काय?" दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मला खिशात मावणारा तपकिरी कंगवा आणून दिला आणि बजावलं, "यानं वर फिरवायचं, खाली नाही." तो कंगवा अजून आहे. चौदा वर्षं मी त्यानं खालीच फिरवलं.

मग तुमचा दहावा दिवस येतो. आम्ही नदीवर आहोत, न्हावीकाका माझं डोकं भादरून राहिले आहेत आणि केस मांडीवर पडत आहेत. समोर पाण्यानं भरलेली पितळी बादली आहे. तिच्यात मला माझं तोंड दिसतं, गोल, उघडं, कुठेच न संपणारं. मागून एक चुलतभाऊ हळूच म्हणतो, "अबे, टरबूज." आणि मी जो रडायला लागतो तो थांबतच नाही. बायका जवळ येतात. पोराचा बापावर किती जीव, म्हणतात. त्या दिवसापासून आई प्रत्येक पाहुण्याला हे सांगते. पाहुणे माझ्याकडे पाहून मान हलवतात आणि मी चिवड्याची प्लेट घेऊन खाली पाहतो. कारण बाबा, मी केसांसाठी रडलो होतो. मला वाटायचं, डोकं पुन्हा तसं उघडं केलं तर माझ्या तोंडावर ते सगळ्यांना वाचता येईल.

न्हावीकाका तेच आहेत, म्हातारे झाले आहेत. काल मी त्यांच्या दुकानात कागद घेऊन गेलो. त्यांनी तो हातात घेतला आणि विचारलं, "पत्रिका काय गा? कोणाचं लग्न आहे?" मग मोठ्यानं वाचायला लागले. "वस्तरा लावू नये. कपाळावरचे केस एकदम न कापता तीन वेळा कापावेत. प्रत्येक वेळी आरसा दाखवावा." खुर्चीवर वाट पाहणारे दोघं हसायला लागले. काका म्हणाले, "अक्षर सुंदर आहे. आता डोळे मिट."

दुसऱ्या वेळचा आरसा झाल्यावर त्यांनी कैची थांबवली. "तुझं डोस्कं मीच भादरलं होतं नदीवर. बापासाठी एवढा रडणारा पोट्टा मी पुन्हा पाह्यला नाही." मी गप्प बसणार होतो. चौदा वर्षांची सवय होती. पण समोर आरसा होता आणि अर्धं कपाळ आधीच उघडं झालं होतं. माझ्या तोंडून गेलं, "काका, मी केसांसाठी रडलो होतो." कैची हवेतच राहिली. मग ते इतके हसले की त्यांना टेबलाला टेकावं लागलं. "मंग आता रडशील काय? फडकं देऊ?" मीही हसलो. तिसऱ्या वेळचा आरसा मागायचा राहूनच गेला.

घरी आलो तेव्हा आई पाटवड्या थापत होती. माझ्याकडे पाहून तिचा हात थांबला. म्हटलं, आता एकदाच सगळं संपवू. सांगून टाकलं. तिनं पुन्हा थापायला सुरुवात केली. "माहीत आहे मले. रडणारं पोरगं डोळे पुसते. तू दोन्ही हातानं गाल झाकून बसला होता."

"मग लोकांना तसं काहून सांगते वं?"

"मंग काय सांगू? पोरगं टकलासाठी रडलं म्हणू? अन् तुझे बाबा असते तं सगळ्यात आधी तेच हसले असते. स्वतः टकले होते ना, केसाची किंमत त्याईले माहीत." मग तिनं बेसनाचा हात पदराला पुसला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "कान मात्र माह्यावर गेले." पाटवड्या मी दोन जास्त खाल्ल्या. वहीत तसं लिहिलं आहे.

आज सकाळी मालकांनी नवा फोटो टाकला आणि मशीननं मला पहिल्याच झटक्यात ओळखलं. तुम्हाला एवढंच कळवायचं होतं. पण कार्डावर थोडी जागा उरली आहे आणि लिहिलेलं तीनदा वाचून झालं आहे, तर एक गोष्ट आणखी. नदीवरच्या त्या दिवसानंतर पाच-सहा महिन्यांनी केस पुन्हा वाढले, भुवयांवर आले, डोळ्यांत जायला लागले. संध्याकाळी ड्युटीची बस यायच्या वेळेला मी अंगणात नळाजवळ उभा राहायचो. बस यायची, लोक उतरून आपापल्या घरी जायचे. केस कपाळावर तसेच राहायचे, कुणी वर करायचं नाही. तेव्हा मी रडलो, नळ सोडून, म्हणजे आवाज जाऊ नये. हे कुणी पाहिलं नाही. काल आईला सगळं सांगितलं, पण हे नाही सांगितलं. हे कार्ड मी तपकिरी कंगव्याखाली ठेवतो आहे.