निम्मी वाट म्हंजे हाफ वे

८ जाने., गुरु. निपाणी
आज लाज गेली. बेळगावहून कोल्हापूरला माझ्या टॅक्सीत चेन्नईची पॅसेंजर बाई. संकेश्वरातच विचारलं, "हाऊ फार?" मी म्हणालो, "कमिंग, कमिंग. फाइव्ह मिनिट्स." दीड तास लागला. उतरताना म्हणाली, "यू सेड फाइव्ह मिनिट्स." एवढं बरोबर कळलं. खोटं बोलायचं न्हवतं. आपल्यात 'हे काय, आलंच' म्हणतात, ते धीर द्यायला.
बायको, सुशीला, म्हणाली, "कांबळेबाईंकडं जावा की."

९ जाने.
गेलो. बाई गल्लीच्या टोकाला, रिटायर्ड. नववीत इंग्रजीत मला नापास केलतं त्यांनीच.
"आता आलास व्हय रं दत्ता?"
चहा, खारी. वहीत लिहून घेतलं: हाफ वे = निम्मी वाट. वॉकिंग डिस्टन्स = चालत जाण्याजोगं. स्टोन्स थ्रो = हाकेच्या अंतरावर. (ते दगड मारतात, आपण हाक.)
"ऑलमोस्ट देअर म्हणालास तर खरंच पोचत आलेलं पायजे. धीर द्यायचा तो खरं सांगून दे."
रोज सकाळी ये म्हणाल्या.

२१ जाने., बुध.
कोल्हापूर स्टेशनवरून केरळचे जोसेफसर. सत्तरीचे. मल्याळी न् इंग्रजी, बाकी काय न्हाय. एकुलता मुलगा बेळगावात नोकरीला, मोटरसायकल घसरून आयसीयूत.
कागलपासून दर दहा मिनिटांनी "हाऊ फार?" कोगनोळीच्या टोलनाक्याला ट्रकांची रांग, तिथं दोनदा. तोंडावर 'ऑलमोस्ट देअर' आलतं. गिळलं.
संकेश्वरला म्हणालो, "हाफ वे, सर. वन अवर मोर."
हुश्श केलं त्यांनी. तेव्हा कुठं बाटली उघडून पाणी प्याले. परत विचारलं न्हाय.
बेळगावात शिरल्यावर, दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात, "स्टोन्स थ्रो, सर." त्यांनी खिशातनं कंगवा काढला. केस विंचरले, वरचं बटण लावलं. काहीतरी बोलले, मला 'सन' एवढंच कळलं. पण कळलं.
उतरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडी बाजूला घेऊन जरा वेळ बसलो.

२२ जाने.
बाईंना सगळं सांगितलं. चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "पास."
तीस वर्षं धरलेला राग. आज शोधला तर सापडंना.

२८ जाने., बुध.
सरांचा मेसेज. मुलानं डोळे उघडले! खाली 'लाँग वे टू गो'. मला वाटलं लांबच्या गावाला जायचंय, गाडी लागंल. गाडी काढायच्या आधी बाईंना दाखवलं बरं झालं. "ते रस्त्याचं न्हाय रं. बरं व्हायला अजून लई दिवस."
सुशीलानं देवाला साखर ठेवली. बाईंच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोला मी हार नेला. त्यांना देव करू नको म्हणून बाई रागावल्या, पण घातला.

३१ जाने., शनि.
सरांना भेटून आलो. मुलगा बापाला ओळखतो. हात हलवतो. पायानं चालंल का, ते डॉक्टर अजून सांगत न्हाईत.
उद्या त्याच्या आईला कोल्हापूर स्टेशनवरून आणायचं. सर म्हणाले, दुसऱ्या कुणाची गाडी नको, तूच जा. एवढा भरवसा माझ्यावर कुणी टाकलेला आठवत न्हाय.
पण आईला इंग्रजी येत न्हाय. पायाचं तिला अजून सांगितलेलं पण न्हाय.
दोन तासांचा रस्ता. माझ्या तोंडाकडं बघत बसली तर खरं काय ते तोंडावरच वाचंल की ती.