"मग कधी मारणार?"

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. सोबतच्या फोटोत हाताला पट्टी दिसेल, ती पाहून घाबरू नकोस.

माझ्या वर्गात सहा वर्षांची एक मुलगी नवी आली आहे. आम्ही तिला तोफ म्हणतो. परवा शेजारच्या मुलीने तिचा खडू घेतला, तर तोफेने खुर्ची उचलून तिच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, फरशीवर रक्त सांडलं. मी मध्ये पडले, तेव्हा माझ्या मनगटाचा असा लचका तोडला की चार टाके पडले.

मी हात उगारला नाही. तिला भिंतीशी नेऊन म्हटलं, "पाड बघू ही भिंत!" ती दातओठ खात ढकलत राहिली. मग कणकेचा मोठा गोळा दिला. त्यावर तिने गुद्दे घातले, नखांनी तो फाडला. शेवटी जड रजईत गुंडाळल्यावर तिचा श्वास संथ झाला.

हळूच म्हणाली, "बाई, आता मला मारणार?"

"नाही गं."

"मग कधी?"

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिच्याकडूनच कळलं, तुमच्या छोटीने आरसा फोडला म्हणून तू पट्टा काढलास. दादा, तिला काहीतरी ढकलू दे, मळू दे, आपटू दे. त्याने अंगातली रग जिरते.

तू म्हणतोस, बाबांचा पट्टा खाऊनच आपण शहाणे झालो. तू झाला असशील. समोरच्याने नुसता कमरेच्या पट्ट्याला हात घातला, तरी मी अजून आधी दार कुठे आहे ते बघते.

छोटीची पाठ कशी आहे, खरं कळव.

तुझीच,
धाकटी