बैल बुजले न्हवते

उमापूर, कार्तिक, फसली १३३०

बायना,

भाऊबीजेला तुझ्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरला न्हाई. कावून, ते आज लिहितो.

वैशाखात तुझ्या थोरल्याला माझी मंजुळा दिली, तवा धाकटा गहिनी वरधावा होऊन आला. नवरदेव शिवेवर आल्याची वर्दी घेऊन वऱ्हाडाच्या पुढं बैलांची हलकी दमणी पळवत आला. वरधाव्याला शिंदी पाजून, फेटा बांधून माघारी धाडायची आपली रीत. तिसऱ्या पेल्याला पोरगं म्हणालं, "मामा, बस. दोनाचे चार बैल दिसायलेत." सगळे हसले. मी म्हणालो, "पी बे! मामाच्या हातची नको म्हणतो?" आन् कासरा मीच त्याच्या हातात दिला.

नाल्याच्या उतारावर दमणी उलटली. आमी पोचलो तवा गहिनी चाकाखाली दबून संपला व्हता. बैल तिथंच उभे व्हते, गरीबासारखे. ठाण्याच्या अमीनसाहेबापुढं मी सांगितलं, बैल बुजले. तुला सांगितलं, मी मांडवात गुंतलो व्हतो, आन् हसणाऱ्यांनीबी माझीच री ओढली. ती घरची जोडी तू रडत बाजारात काढलीस.

आता कुणाचंबी लग्न असो, मी शिवेवर बसतो. प्यालेल्या पोराच्या हातातून कासरा काढून घेतो. पोरं शिव्या देतात. देऊ देत.

मंजुळा तुझ्या घरात नांदती, म्हणून हे पत्र मी धाडणार न्हाई.

परवा ओवाळताना तू म्हणालीस, "दादा, तू मांडवात गुंतला नसतास, तर पोराला पिऊ दिलं नसतंस."

मी व्हय म्हणून मान हलवली, आन् टिळ्यासाठी कपाळ पुढं केलं.

आश्रुबा