रक्त दिसेल त्याला आधी

३ जून
ही रोजनिशी हौसेने लिहीत नाही. काल तातडीच्या विभागात आधी कोण यावरून एका जावयाने सासऱ्याच्या डोक्यात स्टूल घातलं. मोठे डॉक्टर म्हणाले, मेट्रनबाई, डॉक्टर एक, टेबल एक. क्रम तुम्ही लावा, जमत नसेल तर खुर्ची सोडा. खुर्ची सोडणार नाही. मी हे कसं यशस्वी केलं, ते लिहिलेलं असावं.

४ जून, सकाळी
नियम तयार. रक्त दिसेल त्याला लाल पट्टी, तो आधी. सूज असेल तर पिवळी. नुसतं दुखतं म्हणणाऱ्याला पांढरी, तो शेवटी. तोंड खोटं बोलतं, रक्त नाही. टेबलावरच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि आतून बिघडलं असेल तर? म्हटलं, तुम्ही टाके घाला, क्रम माझा.

५ जून
धाकटे दीर आले, सोबत धाकटी जाऊ आणि तिची ती जाड मुठीची छत्री. भावजींची छाती जड, डावा हात भरून येतो म्हणे. शिंपी माणूस, जन्मभर मशीनवर वाकलेला. हात भरून येणारच. पांढरी पट्टी. जाऊ म्हणाली, जाऊबाई, घरचं माणूस आहे हो. म्हटलं, म्हणूनच. इथे वशिला चालत नाही. संध्याकाळी टेबल बंद झालं तेव्हा भावजी बाकावरच होते. उद्या या म्हटलं. झोप छान लागली.

७ जून
लाल पट्ट्या कमी पडल्या. खोकल्याचे दोघे जरा बाहेर गेले आणि फुटक्या नाकांनी परत आले. पायरी निसरडी असावी. घासून घेतली.

८ जून
पायरी घासूनही तेच. गार्ड म्हणतो, फाटकाबाहेर एक पैलवान उभा असतो. पिवळीपुरता हवा की लालपुरता, असं विचारून पैसे घेतो आणि ठोसा देतो. माझा विश्वास नाही. माणूस सभ्य आहे, मला वाकून नमस्कार केला. तरी नियम कडक केला. थेंबभर रक्त चालणार नाही, वाहतं हवं. आता शिस्त लागेल.

९ जून
पाठदुखीवाला गुडघेदुखीवाल्याच्या छातीवर बसून त्याचा कान चावत होता. सलाईनचा स्टँड एकाच्या खांद्यात घुसला. मी शिट्टी वाजवली. तोवर गप्प बसलेल्यांना वाटलं, आता सुरू करायचं. भिंतीला रंग द्यावा लागेल. पण विभागाने एका दिवसात एवढे टाके कधीच घातले नव्हते. मोठ्या डॉक्टरांना कळवलं. रोज येऊन बसणारे भावजी मात्र घामाघूम होऊन भिंतीला टेकून होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आदर्श रुग्ण.

१० जून
जाऊने विचारलं, आज तरी? म्हटलं, नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, बरं. आणि छत्रीची मूठ भावजींच्या कपाळावर हाणली. भावजी म्हणाले, अगं, माझं काय चुकलं? ती म्हणाली, गप्प बसा, अजून वाहत नाहीये. दुसरी हाणली. मी आडवी गेले. तिसरी माझ्या मनगटावर. चुकून बसली असावी, पण मारताना ती माझ्याकडेच बघत होती.
लाल पट्टी बांधावीच लागली. कपाळ शिवताना डॉक्टरांनी नाडी धरली आणि ओरडलेच. हार्ट अटॅक. आणखी तासभर बाकावर राहते तर गेले असते म्हणाले. आता धोका टळलाय. म्हणजे भावजी माझ्या नियमामुळे वाचले. मोठ्या डॉक्टरांना हेच सांगितलं. ते म्हणाले, उद्या दुपारपर्यंत चाव्या तयार ठेवा.

११ जून
मनगट मोडलंय. रक्त नाही. सूज होती म्हणून पिवळी मागितली. गार्ड म्हणाला, पिवळ्या संपल्या, बाई. पांढरी बांधली. भावजींच्याच बाकावर बसले. टेबल तिथून चांगलं दिसतं. आत कोण गेलं, सगळं दिसतं. हे मला ठाऊक नव्हतं. पैलवान जवळ येऊन हळूच म्हणाला, बाई, देऊ का एक? तुमच्याकडून काही घेणार नाही.
विचार केला.

११ जून, दुपारी
नव्या मेट्रनकडे सुपूर्द: शिट्टी, कपाटाच्या चाव्या, पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा. लाल एकही शिल्लक नाही. खुर्ची, नऊ तारखेच्या मारामारीत पाय मोडलेली.
धाकट्या जाऊकडे सुपूर्द: तिची इथेच राहिलेली छत्री. मूठ मी स्वतः पुसली, डाव्या हाताने.