धर्मा पाटलांचे मत

ठाणे, माघ वद्य चतुर्थी

म्युनिसिपालिटीच्या आमच्या पहिल्याच निवडणुकीत मी एका मताने निवडून आलो. दुपारपासून घरात पेढे वाटणे चालले आहे, आणि मी अजून एकही खाल्लेला नाही.

बाळकुमचे हिराजी पाटील, माझे जुने पक्षकार, मघाशी नारळ घेऊन आले. त्यांचे ठाण्यातले घर मतदारांच्या यादीत आहे, पण वडिलांच्या, धर्मा पाटलांच्या नावावर. ते तर दोन वर्षांपूर्वी वारले. मी विचारले, "मत कोणाच्या नावाने दिलेत?"

"बापसाच्या. घर त्याच्या नावावर, तं मत दुसऱ्या कोनाचा? वकीलसाहेब, बापूस आसता तं त्यानंबी तुमालाच दिला आसता!"

त्यांच्या मनात खोटे नाही. माझ्या? मतदानाच्या वेळी कचेरीत मी दाराशीच उभा होतो. कारकुनाने धर्मा पाटलांचे नाव पुकारले, हिराजी पुढे झाले, आणि मी... मी खिडकीबाहेर पाहिले. कॉलेजात लोकमतावर निबंध लिहिणारा मी! ऐकले नाही असे म्हणू? ऐकले होते.

एक मत. ते काढले की बरोबरी होते.

मामलेदारांना अर्ज लिहिला. ते मत रद्द धरावे. हिराजींची समजूत प्रामाणिक होती. जाणूनबुजून गप्प राहिलो तो मी. उद्या आधी हिराजींना वाचून दाखवीन, मग कचेरीत देईन.

"आणि पुन्हा निवडणूक झाली तर?" हिने विचारले.

"उभा राहीन."

"राहा की. पण या खेपेस जिवंत माणसांकडे मते मागा."