माईच्या पानात काय वाढायचं?

कोल्हापूर,
दि. ८ जानेवारी १९७६

तीर्थस्वरूप विमलाअक्कास,

धाकट्या यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार (कागदावरचाच गोड मानून घे, प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा रक्तदाब ताब्यात असेल आणि नागपूरची थंडी सोसत असेल अशी आशा आहे. इकडं सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. गेले बारा दिवस मला एका जागी बसवत नाही. परवा ऑफिसात खुर्चीतून इतक्या वेळा उठलो, की साहेबांनी पोट बिघडलंय का म्हणून विचारलं. पोट ठणठणीत आहे. विषय पोटाचाच आहे, पण माझ्या नव्हे, माईच्या.

माईचं वर्षश्राद्ध पौष वद्य पंचमीला, म्हणजे दोन आठवड्यांवर आलं. यादी करायला गुरुजी आले, झोपाळ्यावर बसले, तीळ, जव, दर्भ सगळं लिहून झालं आणि चपला घालता घालता म्हणाले, "माईंच्या आवडीचा एक पदार्थ पानात हवा हं. काय करताय?" मी ताबडतोब सांगितलं, पुरणपोळी. तर आमची श्यामला (ही एरवी गुरुजींसमोर तोंड उघडत नाही) आतून म्हणाली, "ती तुम्हाला आवडते." मग मी म्हटलं, अळूवड्या. "त्याही तुम्हालाच." गुरुजी विचार करून कळवा म्हणून निघून गेले. तेव्हापासून मी विचारच करतोय.

अक्का, चौऱ्याऐंशी वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे? अकराव्या वर्षी गगनबावड्याहून बैलगाडीतून आली आणि जी चुलीपुढं बसली ती परवा परवापर्यंत. प्लेगात माळावर झोपडी बांधून राहिली, तिथंही म्हणे आल्यागेल्याला ताक द्यायची. पंचगंगेचं पाणी दारात आलं तेव्हा हरभऱ्याच्या डाळीचा डबा डोक्यावर घेऊन निघाली आणि बाबांची कागदपत्रं मागं राहिली (त्यावरून बाबा तीन वर्षं बोलत होते, आणि ती डाळ आपण सगळे आठ दिवस खात होतो, बाबासुद्धा). मी बिगरीत असताना माझ्याच पाटीवर बाराखडी शिकली आणि मला मागं टाकून जोडाक्षरांत गेली. नळ तोडायला आलेल्या माणसाला तिनं पिठलं-भाकरी वाढली. तो बिचारा जेवला, पान्हा उचलला आणि न तोडता गेला. एवढं सगळं मला तारीखवार आठवतं. पण जेवणाची पंगत डोळ्यांपुढं आणली, तर अप्पाचं पान दिसतं, तुझं दिसतं, बाबांचं चांदीचं ताट दिसतं, माईचं पानच दिसत नाही. "तुम्ही बसा, मी मागनं बसते," एवढंच ऐकू येतं. ती मागनं बसायची तेव्हा आपण सगळे हात धुऊन आडवे झालेले असायचो. लाज वाटली गं अक्का, खरंच सांगतो. म्हणून उठलो आणि सायकल काढली.

पहिल्यांदा राजारामपुरीत अप्पाकडं गेलो. माझ्याहूनही धाकटा, माईचा लाडका, त्याला ठाऊक असणार. अप्पा दाढी करत होता. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून म्हणाला, "कटाची आमटी! ह्यात विचारायचं काय?" मी म्हटलं, तिला भुरकताना तू कधी पाहिलंस? तो म्हणाला, मग मी काय खोटं बोलतोय? त्याची बायको हळूच म्हणाली की आमटी ह्यांनाच लागते, दर सणाला दोन वाट्या जास्त. त्यावर तो तिच्यावर खेकसला, मी त्याच्यावर खेकसलो आणि चहा न घेता निघालो (चहा गाळून झाला होता, वाईट वाटलं). येताना बिंदू चौकात पंक्चर. सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो.

रविवारी एस.टी.नं गगनबावडा गाठला. म्हटलं, माहेरची माणसं सांगतील. बनूमावशी, माईची धाकटी बहीण, ब्याऐंशीची आहे; ऐकू येत नाही, पण आवाज खणखणीत. कानाशी तोंड नेऊन चार वेळा ओरडलो, तेव्हा कुठं प्रश्न पोचला. म्हणाली, "चिंचा! झाडावर चढून खायची!" अकरा वर्षांच्या माईबद्दल सांगत होती गं ती. त्याच्या पुढची माई तिला पाहुणी म्हणूनच भेटलेली. परत येताना रस्त्याच्या वळणांनी मला दोनदा उलटी झाली, आणि गुरुजींना चिंचा सांगायचा धीर काही झाला नाही.

शेवटी चिमणाबाईला गाठली. चाळीस वर्षं आपली भांडी घासतेय, कुणाच्या ताटात काय उरतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं राखेचा हात थांबवला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "माई व्हय? खरवड खायच्या की. भाताची, दुधाची, तळाला लागंल ती. आवड का नावड, ते कुनी इचारलं न्हाय आन् त्यांनी बी सांगितलं न्हाय." मी तसाच आत आलो आणि श्यामलेला म्हटलं, खरवड करायची. ती म्हणाली, खरवड करत नसतात, ती लागते. मी म्हटलं, मग लागू दे. तीन दिवस तीन पातेली भात करपवला तिनं, आणि पदर तोंडाला लावून उभी राहायची. (धुरामुळं असेल.) गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, करपलेलं अन्न पितरांना चालत नाही. झालं, पुन्हा सायकल.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तू पंचमीच्या आधी ये, माझी धावाधाव तरी थांबेल.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. तू माईबरोबर काशीला होतीस. काशीला आवडीची वस्तू सोडतात ना? मग तिनं काय सोडलं? उलट टपाली कळव. एवढी सोपी गोष्ट, मी उगीच गावभर हिंडलो बघ.

दुसरा ता. क. : हे लिहून होतंय तोवर श्यामला जेवायला बसली, आम्ही सगळे उठल्यावर. सहज विचारलं, तुला काय आवडतं गं? म्हणाली, "आज काय झालंय तुम्हाला? बरं वाटत नाही का?" सव्वीस वर्षं झाली लग्नाला आणि मला ठाऊक नाही, अक्का! तुम्हा बायकांचं बोलणं होतं, तुला माहीत असेल. तेवढं वेगळ्या चिठोऱ्यावर कळव, आणि मी विचारलं असं तिला कळू देऊ नकोस. पाकीट तिच्याचकडं चिकटवून पेटीत टाकायला देतोय. काळजी नको, दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

वन्सं, नमस्कार. पत्र वाचलं. काशीत माईंनी दुधी सोडला होता, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो त्यांना जन्मात आवडला नाही. त्यांना आवडायचं ते तिखट भडंग, वर कच्चा कांदा चिरून. हे ऑफिसात गेले की तीनच्या सुमाराला आम्ही दोघी मागच्या दाराशी बसून एका परातीत खायचो. चिमणाबाई पदराखालून पुडा आणायची, म्हणून तर तिनं खरवड सांगून आम्हाला झाकलं. श्राद्धाच्या पानात कांदा चालत नाही आणि मला कुणी विचारलंही नाही, म्हणून गप्प राहिले. मलाही तेच आवडतं. ह्यांना एवढ्यात कळवू नका, थोडं हिंडू देत. माई गेल्यापासून एकटीनं खाववत नाही, तेवढ्यासाठी तरी दोन दिवस आधी या. — श्यामला