दारातल्या वहिनींची मान

कर्जत, ता. ३ नोव्हेंबर १९०५

वहिनी चित्राला बसायला तयार नाहीत! "आलवणातल्या विधवेचं चित्र भिंतीवर कोण लावतं, वन्सं?" मी लावते, म्हटले. पंधरवड्याने मुलगा त्यांना इंदूरला नेणार — कायमचे. दादा गेल्यापासून आम्ही दोघीच. एवढे तरी त्यांचे घरात राहावे.

ता. ५

चित्रकार आबाजी जवळच्या कोंडाणे गावाहून आला. तिथल्या लेण्यांतली शिल्पे कागदावर उतरवतो आहे. पोरसवदा, नखे काळीकुट्ट. वहिनींना खुर्ची नकोच. नेहमीसारख्या दारात बसल्या, वालाचे बिरडे सोलीत.

तेच बरे. मी शिकले ती त्या दाराच्या जोरावर. बालविधवा मी, ट्रेनिंग कॉलेजातून सुटीत आले की मोठ्याने वाचीत असे, आणि आळीतली माणसे येऊन वाट्टेल ते बोलत. वहिनी उंबऱ्याशी बसल्या की एकाची आत यायची छाती नसे. हे उपकार कशाने फिटावेत?

ता. ६

नुसती पेन्सिल! एका मानेला रेघाच रेघा, खोडणे नाही. कामवाली चिंधी हसली, "ह्यो काढतोय का गिरबाडतोय गं बाय?" माझ्या शाळेत असता तर मीही छडी उगारली असती.

मग कागद उजेडात धरला. पहिली रेघ ठाम, रस्त्याकडे. पुढच्या चाचपडत, हळूहळू आत वळलेल्या. शेवटची पुन्हा ठाम, पण आत. काढणारा विचार करताना दिसतो! कॉलेजात आम्ही पक्की चित्रेच गिरवली. कच्चे कोणी दाखवलेच नाही.

ता. ८

आबाजीला स्पष्ट सांगितले — मान चुकली. राखण करणारी बाई बाहेर बघेल.

"मीही आधी तसंच काढलं, बाई. पण त्या तशा बसतच नाहीत. तुम्ही वाचायला लागलात की मान आत वळते."

मी तेव्हा मुलींचा उद्याचा धडा मोठ्याने वाचीत होते.

ता. ९

वहिनींना कागद दाखवला. बराच वेळ पाहिला. पदराने नाक पुसून आत गेल्या. आबाजीला जेवायला ठेवून घेतले, बिरड्याची उसळ दोनदा वाढली. पोराचे भले होवो!

ता. १०

"राखण कसली, वन्सं? मला ऐकायला मिळायचं." वहिनींनी इंदूरला 'येत नाही' म्हणून कळवायला सांगितले. आणि पाटी मागितली!